चॉप हरला का नाही? आक्रमक लिम्फोमा आणि तुलनेचा इतिहास

संशोधनाची तयारी करताना ‘रिसर्च मेथडॉलॉजी’ हा विषय बहुतेक जण पाठांतरावर काढतात. कंट्रोल ग्रुप म्हणजे काय, रँडमायझेशन म्हणजे काय, बायसचे प्रकार किती, हे सगळं व्याख्यांच्या रूपात डोक्यात बसतं आणि परीक्षा संपली की उडून जातं. या गोष्टी पाळल्या नाहीत तर नेमकं काय होतं, त्याची किंमत कोण मोजतं, हे बघायचं असेल तर आक्रमक लिम्फोमाच्या उपचारांचा इतिहास वाचावा. चार औषधांचा एक जुना संच, त्याला आव्हान देणारे तीन नवे संच आणि त्यांची समोरासमोर झालेली एक लढत, अशी ही गोष्ट आहे. लढतीचं साल १९९३. पण तिथे पोहोचण्याआधी आजाराची ओळख करून घेऊ.

आजार कोणता?

आपल्या रक्तात आणि लसिका ग्रंथींमध्ये लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांचे मुख्य प्रकार दोन, बी आणि टी. या पेशी बेसुमार वाढू लागल्या की होणारा कॅन्सर म्हणजे लिम्फोमा. मान, काख किंवा जांघेत न दुखणारी गाठ येते. काहींना ताप येतो, रात्री घामाने कपडे भिजतात, वजन उतरतं.

‘आक्रमक’ हा शब्द इथे वाढीच्या वेगासाठी आहे. मंद लिम्फोमा वर्षानुवर्षं रेंगाळतो. आक्रमक लिम्फोमा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत फोफावतो आणि उपचार मिळाले नाहीत तर जीव घेतो. गंमत अशी की बरा होण्याची शक्यताही यातच जास्त. केमोथेरपीची औषधं मुख्यतः भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात, त्यामुळे वेगाने वाढणारा आजार त्यांच्या तावडीत सापडतो. मंद लिम्फोमा औषधाने दबतो, पण बहुतेक वेळा परत येतो.

प्रौढांमधला सगळ्यात जास्त आढळणारा आक्रमक लिम्फोमा म्हणजे डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. नावातच वर्णन आहे. ‘लार्ज’ म्हणजे पेशी मोठ्या, ‘बी-सेल’ म्हणजे त्या बी लिम्फोसाइटपासून आलेल्या, आणि ‘डिफ्यूज’ म्हणजे ग्रंथीची मूळ रचना मोडून त्या सगळीकडे पसरलेल्या. हा तिसरा मुद्दा निदानासाठी फार महत्त्वाचा. सुईने काढलेल्या थोड्या पेशींमध्ये पेशी दिसतात, पण ग्रंथीची रचना दिसत नाही. म्हणून शक्य असेल तिथे पूर्ण गाठ काढूनच तपासावी, असं पॅथॉलॉजिस्ट सांगतात. आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. गाठ, ताप, घाम, वजन घटणं ही सगळी क्षयरोगाचीही लक्षणं. बायोप्सी न करताच क्षयाची औषधं सुरू झाली, तर आक्रमक लिम्फोमाच्या पेशंटचे मोलाचे आठवडे हातचे जातात.

आधी नावांचा घोळ

१८३२ साली लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या थॉमस हॉजकिन यांनी ग्रंथी आणि प्लीहा वाढलेल्या काही रुग्णांचं वर्णन केलं. १८६५ मध्ये सॅम्युअल विल्क्स यांनी त्या आजाराला हॉजकिनचं नाव दिलं. पुढे १८९८ मध्ये स्टर्नबर्ग आणि १९०२ मध्ये डोरोथी रीड यांनी त्यातल्या वैशिष्ट्यपूर्ण मोठ्या पेशींचं तपशीलवार वर्णन केलं. त्या पेशी दिसल्या तर हॉजकिन. आणि उरलेले? ते सगळे ‘नॉन-हॉजकिन’. म्हणजे हे नाव मुळात एका उरल्यासुरल्याच्या टोपलीचं आहे.

त्या टोपलीत काय काय आहे हे लावण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट हेन्री रॅपपोर्ट यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर केला. सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या पेशी दिसणाऱ्या प्रकाराला त्यांच्या पद्धतीत ‘डिफ्यूज हिस्टिओसायटिक लिम्फोमा’ म्हणत. हिस्टिओसाइट म्हणजे ऊतींमधल्या भक्षक पेशी. मोठ्या दिसतात, म्हणून त्या तशाच असणार असा अंदाज. सत्तरच्या दशकात पेशींच्या पृष्ठभागावरचे रेणू तपासता येऊ लागले तेव्हा लक्षात आलं, की यातल्या बहुतेक पेशी हिस्टिओसाइट नाहीतच, त्या लिम्फोसाइट आहेत. आजार तोच, सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र तेच, पण नाव चुकीच्या कुळाचं.

यानंतर वर्गीकरणांची रांगच लागली. युरोपात कार्ल लेनर्ट यांची कील पद्धत, अमेरिकेत ल्यूक्स आणि कॉलिन्स यांची पद्धत, शिवाय इतरही. या सगळ्यांत भाषांतर करता यावं म्हणून १९८२ मध्ये ‘वर्किंग फॉर्म्युलेशन’ आलं. १९९४ मध्ये पेशींचं कूळ आणि जनुकीय बदल विचारात घेणारी ‘रिअल’ पद्धत आली आणि २००१ मध्ये तिच्यावर आधारलेलं जागतिक आरोग्य संघटनेचं वर्गीकरण.

संशोधनाच्या दृष्टीने यात कळीची बाब अशी. १९७५ च्या पेपरमधला ‘लिम्फोमा’ आणि १९८५ च्या पेपरमधला ‘लिम्फोमा’ यांत नेमके तेच रुग्ण मोजलेत, याची खात्री नसेल तर दोन्हींच्या टक्केवारीची तुलना कशी करणार? हा प्रश्न लक्षात ठेवा. पुढे तो परत येणार आहे.

मस्टर्ड गॅसपासून चॉपपर्यंत

केमोथेरपीचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. प्रचलित गोष्ट अशी सांगतात, की डिसेंबर १९४३ मध्ये इटलीतल्या बारी बंदरात जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले, तिथल्या ‘जॉन हार्वी’ या अमेरिकी जहाजात मस्टर्ड वायूचे बॉम्ब होते, जखमींच्या पांढऱ्या पेशी घटलेल्या दिसल्या आणि त्यातून कॅन्सरच्या औषधाची कल्पना सुचली. गोष्ट रंगतदार आहे, पण तारखा जुळत नाहीत. येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांच्या गटाने नायट्रोजन मस्टर्डचा अभ्यास आधीच सुरू केला होता, आणि ऑगस्ट १९४२ मध्ये, म्हणजे बारीच्या सव्वा वर्ष आधी, लिम्फोसार्कोमाच्या एका रुग्णाला ते दिलंही होतं. युद्धकाळातल्या गुप्ततेमुळे निष्कर्ष १९४६ मध्ये छापले गेले. आधी घडलेलं नंतर प्रसिद्ध झालं की इतिहासात असा गोंधळ होतो.

त्या रुग्णाच्या गाठी झपाट्याने वितळल्या, पण परत आल्या आणि काही महिन्यांत तो दगावला. पुढची वीसेक वर्षं बहुतेक औषधांची हीच रीत राहिली: आजार मागे हटतो आणि मग परततो. वेगवेगळ्या मार्गांनी मारा करणारी औषधं एकत्र दिली तर? अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये व्हिन्सेंट डेव्हिटा आणि सहकाऱ्यांनी हॉजकिनच्या आजारात चार औषधांचा ‘मॉप’ हा संच वापरला आणि १९७० मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. रुग्ण खरोखर बरे होत होते. १९७५ मध्ये याच गटाने ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं, की पसरलेला डिफ्यूज हिस्टिओसायटिक लिम्फोमाही बरा होऊ शकतो. नाव चुकीचं होतं, पण दावा बरोबर निघाला.

१९७६ मध्ये मॅकेल्वी आणि सहकाऱ्यांनी साउथवेस्ट ऑन्कॉलॉजी ग्रुपच्या वतीने ज्या संचाचे निष्कर्ष छापले, तोच आपला ‘चॉप’. इंग्रजी आद्याक्षरांचं हे नाव. त्यातली चार औषधं म्हणजे सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन आणि प्रेडनिसोन. पहिलं नायट्रोजन मस्टर्डच्याच कुळातलं. दुसऱ्याचा उगम इटलीतल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूत. त्याचं ‘एड्रियामायसिन’ हे नाव एड्रियाटिक समुद्रावरून पडलं, आणि ज्या लाल रंगाच्या औषधाला पेशंट घाबरतात ते हेच. तिसरं आपल्या अंगणात फुलणाऱ्या, मूळच्या मादागास्करच्या सदाफुलीतून मिळालेलं. चौथं स्टेरॉइड. पहिली तीन शिरेतून, चौथं पाच दिवस गोळ्यांनी, आणि दर २१ दिवसांनी पुन्हा. देशपातळीवरच्या एकत्रित चाचण्यांमध्ये पसरलेल्या आजाराचे साधारण ३० टक्के रुग्ण चॉपने बरे होत असल्याचं दिसलं. काही वर्षांपूर्वीच्या शून्याच्या जवळपासच्या आकड्याशी ताडून बघा म्हणजे याचं मोल कळेल. पण याचा दुसरा अर्थ असा, की दहातले सात जण बरे होत नव्हते.

ऐंशीचं दशक: औषधं वाढवा

मग ते सात का बरे होत नाहीत? कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये जेम्स गोल्डी हे डॉक्टर आणि अँड्र्यू कोल्डमन हे गणितज्ञ यांनी १९७९ मध्ये एक गणिती मांडणी केली. जिवाणूंमध्ये औषधाला दाद न देणारे उत्परिवर्तन जसे आपोआप होतात, तसेच ते कॅन्सरच्या पेशींतही होत असणार. पेशी जितक्या जास्त, तितकी प्रतिरोधक पेशी आधीच तयार असण्याची शक्यता जास्त. म्हणजे जितकी जास्त प्रकारची औषधं, जितक्या लवकर, तितकं चांगलं.

तर्क सुसंगत होता आणि त्यातून (आणि डोसची तीव्रता वाढवण्याच्या विचारातून) नवे संच तयार झाले. बोस्टनचा ‘एम-बॅकॉड’, नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचा ‘प्रोमेस-सायटाबॉम’, व्हँकुव्हरचा ‘मॅकॉप-बी’. सहा-सहा, आठ-आठ औषधं, गुंतागुंतीचं वेळापत्रक, दुष्परिणामही जास्त. मॅकॉप-बी तर १२ आठवडे दर आठवड्याला देत. १९८५ मध्ये क्लिमो आणि कॉनर्स यांनी त्याचे निष्कर्ष छापले: ६१ रुग्ण, त्यातल्या ८४ टक्क्यांमध्ये आजार तपासणीत पूर्ण नाहीसा. इतर संस्थांचे आकडेही असेच चमकदार होते. एकेका संस्थेतल्या या अभ्यासांवरून वाटत होतं, की नव्या पिढीच्या संचांनी ५५ ते ६५ टक्के रुग्ण बरे होतील.

तुम्ही त्या काळातले डॉक्टर असता तर काय केलं असतं? एकीकडे ३० टक्के, दुसरीकडे ६०. समोर बसलेल्या चाळिशीतल्या पेशंटला जुनं औषध द्यायचं धाडस झालं असतं? चॉप मागे पडणार असं वाटणं अगदी साहजिक होतं. पण या सगळ्या अभ्यासांमध्ये एक गोष्ट सामायिक होती. रुग्णांचा गट एकच. त्यांची तुलना होत होती ती पूर्वी, दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या डॉक्टरांनी चॉप दिलेल्या रुग्णांशी. याला म्हणतात ऐतिहासिक कंट्रोल.

एप्रिल १९९३

साउथवेस्ट ऑन्कॉलॉजी ग्रुप आणि ईस्टर्न को-ऑपरेटिव्ह ऑन्कॉलॉजी ग्रुप यांनी मिळून मग हा प्रश्न सरळ मार्गाने सोडवायचं ठरवलं. पात्र ठरलेले ८९९ रुग्ण, चार गट, कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं यादृच्छिक पद्धतीने. रिचर्ड फिशर आणि सहकाऱ्यांचा हा पेपर ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. मुख्य आकडे असे:

चॉप: ३ वर्षांनी हयात ५४ टक्के, औषधांच्या विषारी परिणामांनी मृत्यू १ टक्का.
एम-बॅकॉड: हयात ५२ टक्के, मृत्यू ५ टक्के.
प्रोमेस-सायटाबॉम: हयात ५० टक्के, मृत्यू ३ टक्के.
मॅकॉप-बी: हयात ५० टक्के, मृत्यू ६ टक्के.

जगण्याच्या टक्केवारीतला फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य. आजाराशिवाय जगणाऱ्यांचं प्रमाणही चारही गटांत ४१ ते ४६ टक्के. ठळक फरक उरला तो शेवटच्या आकड्यात. प्रत्येक गटात सव्वादोनशेच्या आसपास रुग्ण धरले, तर चॉपच्या गटात औषधाने दगावलेले दोन-तीन, मॅकॉप-बीच्या गटात तेरा-चौदा. निष्कर्ष स्पष्ट होता: चॉप हाच प्रमाण उपचार.

टक्केवारीमागचा अर्थ नीट बघा. ही चाचणी झाली नसती तर अधिक विषारी उपचार चांगला समजून जगभर दिला गेला असता, आणि कुणालाही काही चुकतंय असं वाटलं नसतं. कारण बरे होणारे पेशंट तर डॉक्टरांना दिसतच होते.

मग आधीचे आकडे खोटे होते का?

अजिबात नाही. ६१ पैकी ८४ टक्के हे जे मोजलं ते खरंच होतं. चूक मोजण्यात नव्हती, तुलनेत होती. त्यामागची मुख्य कारणं तीन.

पहिलं, रुग्णांची निवड. नामवंत केंद्रातल्या चाचणीत कोण पोहोचतो? जो प्रवास करू शकतो, ज्याची किडनी आणि हृदय जड औषधं सोसू शकतं, ज्याचा आजार दोन-चार आठवडे थांबू शकतो. असे लोक कुठल्याही औषधावर इतरांपेक्षा बरे राहतात. औषधाचं श्रेय आणि रुग्णाच्या मूळ प्रकृतीचं श्रेय एकाच आकड्यात मिसळून जातं.

दुसरं, टप्प्यांचं सरकणं. सत्तरच्या दशकात सीटी स्कॅन आला आणि आधी न दिसणाऱ्या छोट्या गाठी दिसू लागल्या. समजा शाळेत अ तुकडीतल्या चौघांना ९०, ८०, ७०, ६० गुण आहेत. सरासरी ७५. ब तुकडीतल्या तिघांना ५०, ४०, ३०. सरासरी ४०. आता ६० गुणांचा मुलगा अ मधून उचलून ब मध्ये बसवा. अ ची सरासरी ८० झाली, ब ची ४५. दोन्ही तुकड्या ‘सुधारल्या’, आणि एकाही मुलाचा एकही गुण वाढलेला नाही! नव्या स्कॅनमुळे दुसऱ्या टप्प्यातले ‘त्यातल्या त्यात वाईट’ रुग्ण तिसऱ्या टप्प्यात गेले की हेच होतं. येलचे अल्वन फाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये हे दाखवलं आणि त्याला विल रॉजर्स या विनोदवीराचं नाव दिलं. मघाशी वर्गीकरणाबद्दल जो प्रश्न लक्षात ठेवायला सांगितला, तो याच जातीचा. व्याख्या बदलली की कुणी बरं न होताही आकडा बदलतो.

तिसरं, पाठपुराव्याचा काळ. तपासणीत आजार नाहीसा होणं आणि माणूस बरा होणं यात अंतर आहे. दीड-दोन वर्षांवर काढलेला आलेख पुढे खाली येतो.

यातल्या पहिल्या कारणाचा पुरावा त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात आला. सप्टेंबर १९९३ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या २,०३१ रुग्णांच्या माहितीवरून ‘इंटरनॅशनल प्रोग्नॉस्टिक इंडेक्स’ मांडला गेला. प्रश्न फक्त पाच: वय ६० च्या वर आहे का, आजार तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात आहे का, रक्तातलं एलडीएच वाढलंय का, रुग्ण स्वतःची कामं करू शकतो का, आणि ग्रंथींबाहेर एकाहून जास्त ठिकाणी आजार आहे का. एवढ्यावरून रुग्णांचे चार गट पाडले तर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ७३, ५१, ४३ आणि २६ टक्के असं उतरत जातं.

आता दोन्ही पेपर शेजारी ठेवा. औषधं बदलून फरक पडला चार टक्क्यांच्या आत, रुग्ण बदलून सत्तेचाळीस टक्क्यांचा. हे कळल्यावर एका गटाच्या ६१ रुग्णांवरून औषधाविषयी काही म्हणायला जीभ रेटत नाही.

चॉपला खरी जोड मिळाली

१९७५ मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारच्या अँटीबॉडी हव्या तेवढ्या बनवण्याची युक्ती शोधली. बी पेशींच्या पृष्ठभागावर सीडी२० नावाचा रेणू असतो. त्याला चिकटणारी अँटीबॉडी म्हणजे रिटुक्सिमॅब. १९९७ मध्ये अमेरिकेत तिला मंद लिम्फोमासाठी परवानगी मिळाली.

आक्रमक लिम्फोमात ती उपयोगी पडेल का, हे तपासताना १९९३ चा धडा विसरला गेला नाही. फ्रान्समधल्या गेला या संशोधन गटाने ६० ते ८० वयाच्या ३९९ रुग्णांचे दोन यादृच्छिक गट केले, चॉप आणि आर-चॉप. बर्ट्रंड क्वाफिए यांनी २००२ मध्ये निष्कर्ष छापले. दोन वर्षांनी हयात रुग्ण ५७ विरुद्ध ७० टक्के, आणि विषारी परिणामांत लक्षणीय वाढ नाही. पाव शतकानंतर चॉपपेक्षा सरस असं काहीतरी खरोखर सापडलं होतं.

इथे एक गमतीशीर वळण आहे. ज्या व्हँकुव्हरमधून मॅकॉप-बी आला, त्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मार्च २००१ पासून सगळ्यांना रिटुक्सिमॅब देण्याचं धोरण ठरलं. लॉरी सेन आणि सहकाऱ्यांनी (त्यात तेच कॉनर्सही होते) धोरणाआधीचे दीड वर्षातले आणि नंतरचे दीड वर्षातले रुग्ण यांची तुलना २००५ मध्ये छापली. दोन वर्षांनी हयात असणारे ५२ वरून ७८ टक्क्यांवर गेले होते. म्हणजे पुन्हा ऐतिहासिक कंट्रोलच! मग यावर विश्वास का ठेवायचा? कारण इथे एका रुग्णालयात पोहोचलेले निवडक रुग्ण नव्हते, उपचार घेणारे प्रांतातले जवळपास सगळेच होते. दोन काळांत अंतर कमी होतं. आणि रँडमाइज्ड चाचणीने हीच दिशा आधी दाखवली होती. ऐतिहासिक कंट्रोल हे हत्यार वाईट नाही. ते कुठे चालतं आणि कुठे दगा देतं, हे माहीत हवं.

भारतात हे औषध महाग पडत होतं. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने ‘रेडिटक्स’ हा त्याचा देशी पर्याय बाजारात आणला आणि आर-चॉप अनेकांच्या आवाक्यात आला.

इतिहास पुन्हा पुन्हा

२००० मध्ये अलिझादेह आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की एकसारख्या दिसणाऱ्या या लिम्फोमात जनुकांच्या कामकाजावरून निदान दोन वेगळे आजार आहेत. त्यातून प्रत्येक उपप्रकारावर नेमकं औषध देण्याची कल्पना पुढे आली. आर-चॉपला बोर्टेझोमिब जोडून पाहिलं, इब्रुटिनिब जोडून पाहिलं, लेनालिडोमाइड जोडून पाहिलं. २१ ऐवजी १४ दिवसांनी दिलं. रिटुक्सिमॅबच्या जागी नवी अँटीबॉडी घातली. छोट्या अभ्यासांत आशा दिसायची, मोठ्या रँडमाइज्ड चाचणीत एकूण निकाल बरोबरीचा.

यातही निवडीचा जुना दोष दबा धरून होता. २०१८ मध्ये मॉरर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की निदानानंतर ज्यांना लगेच उपचार सुरू करावे लागतात त्यांचा आजार मुळातच जास्त वाईट असतो. चाचणीत संमती, जनुकीय तपासणी, स्कॅन यांत दोन-तीन आठवडे जातात. सगळ्यात आजारी पेशंट तोवर थांबू शकत नाही, म्हणून तो चाचणीच्या बाहेर राहतो. ज्यांच्यासाठी नवं औषध हवं, तेच चाचणीत नसतात.

२०२२ मध्ये छापलेल्या पोलारिक्स या ८७९ रुग्णांच्या चाचणीत व्हिन्क्रिस्टिनच्या जागी पोलाटुझुमॅब व्हेडोटिन दिल्यावर, दोन वर्षांत आजार न वाढलेल्यांचं प्रमाण ७०.२ वरून ७६.७ टक्क्यांवर गेलं. त्या टप्प्यावर हयात असणाऱ्यांच्या प्रमाणात मात्र फरक नव्हता. हा विजय मानायचा का, किती किमतीला मानायचा, यावर चर्चा चालू आहे.

आजार उलटलेल्यांसाठी सर्वात मोठी बातमी म्हणजे सीएआर-टी. रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत द्यायच्या. २०१७ मध्ये झुमा-१ या एकाच गटाच्या चाचणीत १०१ रुग्णांपैकी ५४ टक्क्यांत आजार पूर्ण नाहीसा झाला. तुलनेला होता स्कॉलर-१ हा जुन्या नोंदींचा अभ्यास. तशाच हट्टी आजारात जुन्या उपचारांनी हे प्रमाण फक्त ७ टक्के. पुन्हा ऐतिहासिक कंट्रोल, पण फरक एवढा प्रचंड की निव्वळ निवडीने तो समजावता येणं कठीण. तरीही प्रश्न तिथे सोडला नाही. पहिल्यांदा उलटलेल्या आजारात रँडमाइज्ड चाचण्या झाल्या. झुमा-७ मध्ये एक सीएआर-टी जुन्या प्रमाण उपचारापेक्षा सरस ठरली. बेलिंडा चाचणीत दुसरी सीएआर-टी बरोबरीत राहिली. कल्पना एकच, निकाल दोन. कारण पेशींची रचना वेगळी, त्या पेशंटपर्यंत पोहोचायला लागलेला वेळ वेगळा, मधल्या काळात केमोथेरपी द्यायची मुभा वेगळी.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या कामातून उभी राहिलेली नेक्सकार-१९ ही भारतीय सीएआर-टी मंजूर झाली. परदेशी उपचाराच्या तुलनेत तिचा खर्च बराच कमी आहे आणि अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. तिच्याही मंजुरीमागे एका गटाची छोटी चाचणी आहे. म्हणून नंतरच्या रुग्णांच्या नोंदी किती काटेकोर ठेवल्या जातात, याला फार महत्त्व आहे. तुमच्यापैकी कुणी पुढे या क्षेत्रात आलंच, तर हे काम तुमच्या वाट्याला येऊ शकतं.

पेपर हातात घेतल्यावर

तुमचा विषय लिम्फोमा नसेल. भातावरचं खत असेल, बॅटरीतलं इलेक्ट्रोड असेल, पाण्यातल्या शेवाळाची मोजणी असेल. ‘आमची पद्धत आधीच्यापेक्षा सरस’ असं वाक्य दिसलं की हे चार प्रश्न मात्र विचारा:

१. आधीची पद्धत कुणी, कुठे, केव्हा वापरली होती? लेखकांनी ती स्वतः, त्याच वेळी, शेजारी ठेवून केली आहे का?
२. नमुने कसे निवडले? कोण आत आलं याबरोबरच कोण बाहेर राहिलं हेही लिहिलं आहे का?
३. मोजण्याचं साधन किंवा व्याख्या मधल्या काळात बदलली आहे का?
४. जे मोजलं तेच आपल्याला हवं होतं का, की त्याच्या जवळपासचं, लवकर मोजता येणारं काहीतरी?

फिशर यांच्या पेपरमध्ये नवं औषध नाही, नवा सिद्धांत नाही, नवं यंत्रही नाही. चार जुने संच घेऊन इमानदारीने शेजारी ठेवले, एवढंच केलं. संशोधनाला ‘नावीन्य काय?’ हा प्रश्न विचारायची आपल्याकडे सवय आहे, आणि प्रबंधाचा विषय निवडताना गाइडही तोच विचारतात. या पेपरमुळे किती जणांचा औषधाने होणारा मृत्यू टळला असेल याचा हिशोब करायला बसलं, की त्या प्रश्नाइतकाच ‘तुलना कशाशी?’ हा प्रश्न मोठा वाटू लागतो.